लॅमिनेट केलेलं प्रिस्क्रिप्शन: मामाच्या डायबिटीसचा चौदा वर्षांचा हिशेब

मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो, त्यामुळे घरात कुणाचीही बिलं साठली की ती पिशवी माझ्याकडे येते. २०२३ च्या मार्चमध्ये मामीने अशीच एक पिशवी आणून दिली, आत औषधांची बिलं, लॅबचे रिपोर्ट, हॉस्पिटलची फाइल आणि एक मळका रुमाल. त्या पिशवीतून हे प्रकरण उभं केलंय. दोघांना विचारून लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मामी म्हणाली "लिही हो, पण माझ्या पाटल्यांचं नको लिहूस". पाटल्यांशिवाय हिशेब जुळत नाही मामी, सॉरी.

पार्श्वभूमी

मामा भांडुपला राहतो, एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात मशीनवर होता. २०११ ला कंपनीच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी शुगर १६८ निघाली, एचबीएवनसी (मागच्या काही महिन्यांच्या शुगरची सरासरी) ८.१, वय तेव्हा ४७. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू झाली, महिन्याचा खर्च दीडशे रुपयांच्या आत. वर्षातून एकदा कंपनीतच रक्त, लघवी, डोळे सगळं बघायचे, वर ग्रुप मेडिक्लेम. म्हणजे मामाच्या खिशाला डायबिटीस जवळजवळ फुकटच पडला होता पहिली तीन वर्षं, आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो, कारण ह्या आजाराला वर्षाकाठी काय लागतं ते घरात कुणाला कळलंच नाही.

२०१४ ला मामाने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. मेडिक्लेम गेला हे सगळ्यांना कळलं, त्यावर चर्चा पण झाली. वार्षिक तपासणी गेली हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. पैसे फिक्सला टाकले, मामी सकाळी १८ डबे करायची ते चालू राहिले, मुलगा पुढे ऐरोलीला आयटी सपोर्टला लागला. घर चालत होतं.

२०१७ ला शुगर वर राहायला लागली म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनसोबत व्हिल्डाग्लिप्टिन हे शुगरचंच तिसरं औषध दिलं. आता मामा हा टापटीप माणूस, गॅसचं पुस्तक प्लास्टिकच्या कव्हरात, लाइट बिलं महिन्याप्रमाणे फाइलला. प्रिस्क्रिप्शनचा कागद घामाने मळतो म्हणून त्याने स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून तो २० रुपयांत लॅमिनेट करून आणला. मेडिकलवाल्याला तो कार्ड दाखवल्यासारखा दाखवायचा आणि तो बिचारा बघून गोळ्या काढून द्यायचा. पाच वर्षं!

नेमकी अडचण काय होती

२०२२ सालची बिलं मी महिन्याप्रमाणे लावली. सरासरी अशी आली: ग्लिप्टिन-मेटफॉर्मिनची कॉम्बिनेशन गोळी १,३८०, ग्लिमेपिराइड ३१०, बीपीची गोळी २४०, पायात मुंग्या येतात म्हणून "नसांची" कॅप्सूल ५६०, कारलं-जांभळाचा ज्यूस ४५०, शुगरफ्री बिस्किटं आणि डायबिटीसवालं स्पेशल पीठ मिळून ५२०. एकूण ३,४६०. आणि तपासण्या? दोन महिन्यातून एकदा फास्टिंग-पीपी, म्हणजे उपाशीपोटी आणि जेवल्यानंतरची शुगर, १३० रुपये. म्हणजे महिन्याला ६५ पडले. ज्यूस आणि बिस्किटाला ९७०, तपासणीला ६५.

बरं ती १३० ची टेस्ट पण मामा पास व्हायचा तयारी करून, परीक्षेला बसल्यासारखा. आधी दोन दिवस भात बंद, रात्री लवकर जेवण, गोळ्या वेळेवर. रिपोर्ट १३५-१४० यायचा, मामी देवासमोर ठेवायची. एचबीएवनसी गेल्या अडीच-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला दोन दिवसांच्या उपासाने फसवता येत नाही, पण ती ४५०-५०० रुपयांची म्हणून २०१६ नंतर केलीच नव्हती. आणि महिन्याचं मेडिकल बिल अंगावर यायचं तेव्हा मामा काय करायचा, रात्रीची महागडी गोळी एक दिवसाआड घ्यायचा. हे मामीला पण माहीत नव्हतं, मला बिलांवरून कळलं, महिन्याला ६० गोळ्या लागायला हव्यात तिथे ४५ जात होत्या.

ह्यातली सगळ्यात चिडचिड करणारी गोष्ट. व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्ये संपलं, लगेच बऱ्याच कंपन्यांनी तेच औषध काढलं आणि गोळी पाच-सात रुपयांवर आली. त्याच जातीच्या सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये संपलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या जनऔषधी केंद्रात ५० मिलीग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळायला लागल्या. म्हणजे बाजारात भाव पडत होते आणि मामा पैसे वाचवायला गोळ्या गाळत होता. कारण प्लास्टिकच्या आतल्या कागदावर २०१७ चा ब्रँड होता, आणि तो कागद चालतोय तर डॉक्टरकडे जायचं कशाला, ३०० रुपये कन्सल्टिंग उगाच.

मुंग्यांचं कुणी पुढे विचारलं नाही. मुंग्या थांबल्या तेव्हा मामा खूश झाला, कॅप्सूलचा गुण आला म्हणून. मुंग्या थांबल्या होत्या कारण पायाची जाणीवच कमी झाली होती, हे नंतर कळलं.

२०२३ च्या जानेवारीतली अंगारकी. मामा दादर स्टेशनला चपला पिशवीत टाकून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी गेला, दरवर्षीचं आहे ते, मग रात्रभर लाइन. दोन दिवसांनी मामी लादी पुसत होती तर लादीवर थोड्या थोड्या अंतराने तपकिरी ठिपके, बाथरूमपासून पलंगापर्यंत. तिला वाटलं मसाला सांडलाय. उजव्या अंगठ्याखाली खडा घुसलेला, वर चामडी सोलवटलेली, आणि मामाला काहीच दुखत नव्हतं. हळद लावली, नाक्यावरून अँटिबायोटिक आणलं, असे करता करता साडेतीन आठवडे गेले. फेब्रुवारीत अंगठा आणि बाजूचं बोट काळं पडलं, घरात वास यायला लागला.

समोर कोणते पर्याय होते

सर्जन म्हणाले दोन बोटं काढावी लागतील, आजच्या आज अ‍ॅडमिट करा. हे सांगितलं संध्याकाळी सात वाजता. अशा वेळी पर्याय तोलणं वगैरे काही होत नसतं, जो पुढे दिसेल तो माणूस धरतो. तरी कागदावर तीन होते.

एक, जवळचं खासगी नर्सिंग होम. मामाने २०१९ ला एजंटकडून तीन लाखांची पॉलिसी काढली होती, कॅशलेस होईल असं सगळे धरून चालले होते. दोन, महापालिकेचं सायन किंवा केईएम हॉस्पिटल. तिथे डायबेटिक फूट रोज बघतात, हात बसलेला असतो, खर्च नाममात्र, पण गर्दी आणि घरातलं एक माणूस चोवीस तास लागणार, आणि मामीला "म्युन्सिपालिटीचं" नको होतं. तीन, महात्मा फुले जनआरोग्य योजना. पण मामाचं रेशनकार्ड पांढरं, तेव्हा पिवळ्या-केशरीवाल्यांनाच योजना होती. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने ती सगळ्यांसाठी खुली करायचं आणि मर्यादा ५ लाख करायचं ठरवलं. चार महिने!

चौथा पर्याय तेव्हा कुणाच्या डोक्यातच आला नाही. मामाच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या मामेभावाच्या कंपनीत ग्रुप पॉलिसीत आईवडिलांना घेता येत होतं, त्या पॉलिसीत आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होता. प्रीमियम वर्षाला १४,००० पगारातून कापणार. पण नाव घालायची विंडो फक्त एप्रिलमध्ये उघडते, आणि २०२० पासून दर एप्रिलला तो "पपांची आहे ना वेगळी पॉलिसी" म्हणून ते स्क्रीन बंद करत होता.

काय केलं, आणि कसं फसलं

नर्सिंग होममध्ये नेलं. अ‍ॅडमिट करताना ड्युटी डॉक्टरने विचारलं शुगर कधीपासून, मामी म्हणाली "झाली की बारा वर्षं". केसपेपरवर तेच आलं. पॉलिसीच्या फॉर्मवर मात्र एजंटने डायबिटीससमोर "नाही" टिक केलेलं आणि खाली मामाची सही, न वाचता. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला टीपीए डेस्कवरून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे) कळलं की कॅशलेस नाकारलं, आजार लपवला म्हणून. पुढे पॉलिसी पण रद्द झाली. आमच्या नात्यातले दोघं-तिघं मामीवरच घसरले, कशाला बोललीस म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. डॉक्टरला खरं सांगायलाच हवं, शुगर माहीत नसताना भूल देणार का? खोटं फॉर्मवर होतं, केसपेपरवर नाही.

ही रात्र पहिला खरा निर्णयाचा टप्पा होती. ऑपरेशन सकाळी होतं, डिपॉझिट ४०,००० भरलेलं. तिथून उठून सायनला नेता आलं असतं का? सर्जनने स्पष्ट सांगितलं की ताप आहे, इन्फेक्शन वर सरकतंय, नेणार असाल तर आत्ता न्या, उद्या नाही. भाऊ गोंधळला, मामी रडायला लागली, मी म्हटलं राहू दे इथेच. आज तो निर्णय बरोबर वाटतो. चूक झाली ती नंतर, ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी मामा स्थिर होता तेव्हा हलवायला हवं होतं, उरलेले पाच दिवस फक्त सलाइनमधून अँटिबायोटिक आणि ड्रेसिंगच चाललं होतं आणि मीटर पळत होतं. नऊ दिवसांचं बिल २,३८,०००. फिक्स मोडली, कमी पडले तिथे मामीच्या पाटल्या ठेवून १,२०,००० चं गोल्ड लोन घेतलं.

विमा लोकपालाकडे जायचं का ह्यावर आठवडाभर खल झाला. तक्रारीला पैसे लागत नाहीत, नाकारल्यापासून वर्षाच्या आत करायची असते. पण सही मामाची, कागद साफ विरुद्ध, आम्ही सोडून दिलं. करायला हवी होती का? कदाचित. पैसे लागत नव्हते तर सोडलं का, ह्याचं माझ्याकडे बरं उत्तर नाही, दमलो होतो एवढंच.

डिस्चार्जनंतर मी अट घातली की आता हिशेब मी ठेवणार. महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलच्या डायबिटीस ओपीडीला नंबर लावला, सकाळी साडेसातला लाइनीत. तिथल्या डॉक्टरबाई लॅमिनेट केलेला कागद उलटा-सुलटा करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, हा जपून ठेवा, पण घरी." एचबीएवनसी १०.४. लघवीतलं अल्ब्युमिन ३४० च्या वर, म्हणजे किडनीतून प्रोटीन गळतंय, ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, ५२. डोळ्याच्या पडद्यावर दोन्हीकडे डाग, उजव्या डोळ्यात मधल्या भागाला सूज. यातलं काहीच दुखत नव्हतं. अल्ब्युमिनची टेस्ट चार-पाचशे रुपयांची, २०१४ नंतर एकदाही नाही.

औषधं नव्याने बसवली. महागडी कॉम्बिनेशन गोळी गेली, तेच औषध साध्या कंपनीचं आलं. किडनीसाठी टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलची गोळी. नसांची कॅप्सूल बंद, त्याऐवजी बी-१२ तपासलं, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ते कमी होऊ शकतं, आणि ते खरंच कमी निघालं. डापाग्लिफ्लोझिन हे शुगरचं आणखी एक औषध द्यायचं की नाही ह्यावर मात्र बाई थांबल्या. किडनीला त्याचा फायदा आहे, २०२० मध्येच त्याचं पेटंट संपून स्वस्त पण झालंय, पण ह्याच गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनच्या २०१७ च्या अभ्यासात बोटं-पाय कापावे लागण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं, म्हणून पायाची जखम भरेपर्यंत नको. मला हे थांबणं आवडलं. जखम भरायला ११ आठवडे लागले, मग सुरू केलं.

सोबत इन्शुलिन सुरू झालं. पेनवालं की बाटलीवालं? पेन सोयीचं आणि त्यातल्या नव्या प्रकारच्या इन्शुलिनने रात्री शुगर खाली जायची भीती कमी, पण खर्च कितीतरी जास्त. बाटली ४० युनिटवाली, दीडशेच्या आसपास, आम्ही बाटली घेतली. पहिल्या आठवड्यात शुगर हलेचना. मामा म्हणे स्वस्तातलं आणलंस म्हणून. शेवटी मामीनेच पकडलं, ओपीडीत सिस्टरने दाखवलेल्या सिरिंजचं टोपण लाल होतं आणि घरातलीचं नारिंगी. नारिंगी म्हणजे १०० ची सिरिंज, त्यावर २० च्या रेघेपर्यंत ४० वालं इन्शुलिन भरलं की पोटात जातात फक्त ८ युनिट. मेडिकलवाल्याने न बघता दिली, आम्ही न बघता घेतली. उलटं झालं असतं, १०० चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने, तर अडीचपट गेलं असतं. बाटली निवडताना मी फक्त किंमत बघितली होती, घरी ती भरणार कोण हे बघितलं नव्हतं. मे महिन्यात एकदा पहाटे तीनला मामा घामाने भिजून उठला, शुगर ५८, मामीने साखरपाणी पाजलं. तेव्हापासून घरी शुगर तपासायच्या स्ट्रिप्सवर काटकसर करायची नाही असं ठरलंय.

डोळ्यातल्या सुजेसाठी जे इंजेक्शन देतात त्याला तीन औषधं होती, किमतीत पाच-सहा पटींचा फरक. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की अमेरिकेत २०१५ ला ह्या तिघांची समोरासमोर तुलना झालीय, नजर फार उतरलेली नसेल तर तिन्ही सारखीच चालली, जास्त उतरलेली असेल तर अफ्लिबरसेप्ट वर्षभराने सरस ठरलं. मामाची नजर पहिल्या गटातली. मग तिघांतलं स्वस्त बेव्हासिझुमॅब, ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये, पाच इंजेक्शनं, एकूण २७,५००.

शेवटी आकडे कुठे आले

हॉस्पिटल २,३८,०००. घरी येऊन ड्रेसिंग, ३३ वेळा ३५० प्रमाणे ११,५५०. डोळा २७,५००. रिक्षा-टॅक्सी ९,००० धरलेत, जास्तच असतील. गोल्ड लोनचं व्याज १४,०००. आणि जे कुठल्याच बिलात नाही ते, मामीचे डबे दोन महिने बंद, ३६,०००. बेरीज ३,३६,०५०. डबे परत सुरू केले तेव्हा १८ चे ११ राहिले, गेलेली गिऱ्हाईकं परत आली नाहीत, तो तोटा मी धरलेलाच नाही.

महिन्याचा खर्च मात्र खाली आला. आता जनऔषधी आणि साध्या कंपन्यांची औषधं, इन्शुलिन-सिरिंजसकट १,४५०. स्ट्रिप्स ३६०. वर्षाच्या सगळ्या तपासण्या, डोळे-पाय-लघवीसकट, महिन्याला वाटून ४००. एमसीआर चपलांचे (डायबिटीसवाल्यांच्या मऊ रबरी तळाच्या) दोन जोड वर्षाला, महिन्याचे २००. एकूण २,४१०, म्हणजे औषधं वाढली आणि तरी जुन्यापेक्षा हजारभर रुपये कमी. ज्यूस बंद आहे असं मामा सांगतो.

एचबीएवनसी ७.४ वर आहे. अल्ब्युमिन ३४० वरून १६० ला आलं, ईजीएफआर ४९, म्हणजे घसरण मंदावल्यासारखी आहे, भरून आलेलं काही नाही. एप्रिल २०२४ ला भावाने विंडो उघडताच दोघांची नावं घातली. पण ते कव्हर त्याच्या नोकरीला बांधलेलं आहे, नोकरी बदलली की पुन्हा शून्यापासून. स्वतंत्र पॉलिसीसाठी दोन ठिकाणी सगळं खरं लिहून फॉर्म भरले, दोन्हीकडून नकार. आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं झालाय, वैयक्तिक प्रीमियमवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, सगळं ठीक, पण आधी कुणी घेतलं तर. म्हणून ३,००० ची आरडी चालू केलीय, तिला मामा "किडनीची आरडी" म्हणतो, मामीला ते आवडत नाही.

परत करायचं झालं तर

लोक मला म्हणतात तपासण्या केल्या असत्या तर बोटं वाचली असती. मी असं म्हणणार नाही. २०१४ ते २०२२ च्या तपासण्यांना माझ्या अंदाजाने ३०-३५ हजार लागले असते, त्याने पाय वाचलाच असता ह्याची हमी कोण देणार. पण एखाद्या फूट चेकअपमध्ये कुणीतरी तळव्याला नायलॉनचा धागा टोचून बघितला असता, तर निदान मामाला कळलं असतं की त्याच्या पायाला खडा कळत नाही, आणि मामीने त्याला अनवाणी सोडलं नसतं. देवाला चपला चालत नाहीत तर गेटपर्यंत घालून जा, हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण आधी माहीत तरी हवं.

माझ्या लेखी सगळ्यात स्वस्तात सुधारता आली असती ती २०१४ ची चूक. व्हीआरएसच्या कागदांसोबतच ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज करता आला असता. वय ५०, एकच गोळी, बोटं दहाच्या दहा. तेव्हा प्रीमियम जास्त वाटला म्हणून विषय सोडला, मी पण तेव्हा "बघू नंतर" म्हटलेलं आहे, ते आठवतंय मला. २०१९ चा फॉर्म ही दुसरी. खरं लिहिलं असतं तर प्रीमियम वाढला असता, वेटिंग लागलं असतं, २०२३ ला पैसे कदाचित तरीही मिळाले नसते, पण पॉलिसी आज जिवंत असती.

गेल्या महिन्यात भावाची एचबीएवनसी केली, वय ३१, आली ६.१, म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. त्याला मी स्वतःची वेगळी पॉलिसी काढायला लावली, फॉर्म मामीने एकेक प्रश्न मोठ्याने वाचत भरून घेतला, "वडिलांना मधुमेह, हो. लिही हो." मामाचं नवीन प्रिस्क्रिप्शन फ्रिजवर चुंबकाने लावलंय, वर पेन्सिलीने पुढची तारीख. जुनं लॅमिनेटवालं मामी डब्यांच्या खाली ठेवते, गरम भांडं ठेवायला बरं पडतं म्हणाली.